"एकच कढई आहे, ताई"

आमच्या घरात माणसं चार. त्यातल्या तिघांना ॲलर्जी, आणि तिघांची तीन तऱ्हांची. मोठीला शेंगदाणे, काजू आणि पिस्ते चालत नाहीत. धाकट्याला दूध आणि अंडं. नवऱ्याला कोळंबी आणि खेकडा. ही त्याची पस्तिशीनंतर उपटलेली, त्याआधी तो दोन्ही ताटभर खायचा, आणि हे त्याला अजून पचलेलं नाही. उरले मी. मला काहीच होत नाही, म्हणून बाहेरून पार्सल मागवायचं ठरलं की फोन माझ्या हातात येतो. त्यातून माझं काम हिशेब तपासण्याचं. "सगळं बरोबर आहे" असं कुणी म्हणालं की मी हो म्हणते आणि व्हाउचर, म्हणजे पुराव्याची पावती, मागते.

"मग घरीच का नाही करत?" हे इतक्या जणांनी ऐकवलंय की आता मी नुसती हसते. करतोच की. आठवड्याची वीस जेवणं घरचीच असतात. एकविसावं असतं ते रात्री साडेआठचं: दोघंही कामावरून उशिरा आलेलो, सिंकमध्ये सकाळची भांडी, आणि पोरं भुकेनं एकमेकांवर खेकसतायत. हे सगळं लिहितेय ते त्या एकविसाव्या जेवणाबद्दल.

सुरुवातीची काही वर्षं मी फोनवर एकच प्रश्न विचारायचे. "यात शेंगदाणे आहेत का?" पलीकडून "नाही नाही, बिनधास्त मागवा" असं आलं की मला हायसं वाटायचं. हे सांगणारा माणूस गल्ल्यावर बसलेला असतो. त्याच्यापुढे बिलबुक असतं, मागे दुसरा फोन वाजत असतो, आणि आत काय शिजतंय ते त्याला साधारण माझ्याइतकंच दिसतं. त्याच्या एका "नाही"चे किती अर्थ होतात ते मी नंतर मोजले. वरून दिसत नाहीत. आम्ही मुद्दाम घालत नाही. आज घातले नसावेत. बाई, ऑर्डर सांगा.

मग तो नूडल्सचा डबा आला. त्या पदार्थावर भाजलेले दाणे भुरभुरतात हे मेन्यूतच लिहिलेलं होतं. मी सांगितलं, दाणे नकोत, मुलीला ॲलर्जी आहे. डबा घरी आला तेव्हा झाकणावर जाड पेनानं "दाणे नको" असं लिहिलेलं. बरं वाटलं. तरी हाताला सवय म्हणून मी चमच्यानं नूडल्स खालीवर केल्या. तळाशी कांद्याच्या पातीला चिकटलेला अर्धा शेंगदाणा होता, पाठीवर तांबडं साल तसंच. आणखी उकरलं तर दोन कण. काय झालं असेल ते लगेच कळलं. हाताच्या सवयीनं दाणे पडले, मग झाकण लावताना कुणीतरी चिठ्ठी वाचली आणि वरचे दाणे वेचून काढले. जेवणात केस सापडला की काढतात, तसे.

त्या माणसावर मला रागावता आलं नाही. त्याच्या लेखी त्यानं माझी नावड सांभाळली होती. शरीर भांडतं ते दाण्यातल्या प्रथिनाशी, आणि ते प्रथिन दाणा उचलला तरी नूडल्सवर राहतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. शिजवून किंवा तळूनही ते जात नाही. शेंगदाणे भाजले की उलट ते ॲलर्जीला जास्तच चेव आणतात. फोनवर "नट्स आहेत का?" असं विचारणंही फसवं. शेंगदाणा हा वाटाण्या-मसुराच्या कुळातला, झाडावरचा सुकामेवा नव्हे. तेव्हा एखाद्या जाणकार आचाऱ्यानं "नट्स नाहीत" म्हटलं तर तो अगदी खरं बोलत असतो. मी आता एकेकाचं नाव घेते: शेंगदाणा, काजू, पिस्ता. काजू आणि पिस्ता एकमेकांचे इतके जवळचे नातेवाईक आहेत की एक चालत नसेल तर बहुधा दुसराही चालत नाही, म्हणून ती जोडी मी एका श्वासात सांगते.

दुसरा धडा डबा उघडून टळला नाही.

धाकट्यासाठी बर्गर मागवला होता. तोवर मी हुशार झाले होते. आतल्या पॅटीत अंडं आहे का, दूध आहे का, चीज काढणार का, मेयोनीज नको, तव्यावर लोणी नको, सगळं विचारलं आणि सगळ्याची उत्तरं खरी मिळाली. पावाचं विचारायचं मात्र राहिलं. पाव बाहेरच्या बेकरीतून यायचा आणि त्याच्या पाठीवर जो छान चकाकणारा तपकिरी रंग होता, तो भट्टीत घालण्याआधी फिरवलेल्या अंड्याचा होता. अंड्याची ॲलर्जी असलेल्या पुष्कळ मुलांना केकमध्ये नीट भाजलं गेलेलं अंडं चालून जातं. आमच्या पोराला तेही चालत नाही.

चार-पाच घास झाले आणि तो म्हणाला, घसा खाजतोय. मग पोटावर गांधी उठल्या. मग उलटी झाली. ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे जोराच्या ॲलर्जीवर मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन, टेबलावर माझ्यासमोर होतं. नवरा म्हणाला, आधी ॲलर्जीचं औषध देऊन बघू. औषध दिलं. मी पेन उचललं, टोपण काढलं नाही, आणि "दोन मिनिटं बघू" असं म्हटलं. दोन मिनिटांनी परत तेच म्हटलं. त्याचा आवाज घोगरा झाला तेव्हा पॅंटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं, आणि त्याला चालवत जिना उतरवून गाडीत बसवलं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी शांतपणे सांगितलं: जे चालत नाही ते पोटात गेलंय, अंगावर गांधी आहेत आणि वर उलटी झालीय, इतकं पुरे होतं. श्वास अडकायची वाट बघायची नसते. गोळी-सिरपनं खाज कमी होते. सुजणारा घसा आणि उतरणारा रक्तदाब त्यानं सावरत नाही, ते काम ॲड्रेनलिनचं. आणि चालवलंत कशाला? आडवं झोपवायचं, पाय वर ठेवायचे, श्वासाला त्रास असेल तर टेकून बसवायचं, पण उभं करायचं नाही. रुग्णवाहिका दारात येऊ द्यायची. पाचेक मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं पेन, म्हणून घरात कायम दोन हवीत. बरं वाटल्यावरही त्याला काही तास तिथंच ठेवून घेतलं, कारण उतरलेली लक्षणं पुन्हा उलटू शकतात. तो मजेत कार्टून बघत होता. मी त्याच्या उशाशी बसून ती चार मिनिटं मोजत होते.

त्या हॉटेलनं मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं, हेच डोक्यातून जाईना. हिशेबातही असंच असतं. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर येतं आणि घोटाळा न विचारलेल्या खात्यात निघतो.

तेव्हापासून "यात अमुक आहे का?" हा प्रश्न मी सोडला. आता विचारते, "हे तुम्ही कसं करता, जरा सांगता का?" फरक बघा. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून फोन ठेवता येतो. दुसऱ्याला गल्ल्यावरचा माणूस उत्तर देऊच शकत नाही. तो हाक मारून आतल्याला बोलावतो. आणि आतला माणूस, जो दिवसभर करतो, तो त्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. मी वही घेऊन बसते. एकदाचा फ्राइड राइसबद्दलचा फोन जवळपास जसाच्या तसा वहीत आहे:

"भात सकाळचाच असतो, गार केलेला. तेल तापवायचं, लसूण, भाज्या, मग भात, मग सॉस."

"सॉस कोणता?"

"सोया."

"अजून काही?"

"थोडा ऑयस्टर."

"अंडं?"

"व्हेजमध्ये नाही."

"अंड्याचा भात वेगळ्या कढईत करता का?"

इथं तो थांबला. मागे झाऱ्याचा खणखणाट चालला होता. मग म्हणाला, "एकच कढई आहे, ताई. धुतो मधे, पण गर्दीत नुसती पुसून घेतो. आणि कोळंबी पण तिच्यातच."

"मग आमच्यासाठी काय जमेल?"

"तळलेलं आणि परतलेलं मागवूच नका. वाफवलेला भात देतो, भाज्या वेगळ्या पातेल्यात उकडून देतो, मीठ-मिरी घालून. सॉसची बाटली थांबा, बघून येतो." दोनेक मिनिटांनी आला. "सोयात गहू लिहिलाय. शेंगदाणा नाही, दूध नाही. ऑयस्टरवर शिंपले लिहिलंय, ते साहेबांना चालतं का विचारा."

बाटली हातात घेऊन वाचून दाखवणारा हा मला भेटलेला पहिला माणूस. माझ्या भाषेत, पहिलं व्हाउचर. गव्हाचा आम्हाला त्रास नाही, पण सोया सॉसमध्ये गहू असतो हे कित्येक स्वयंपाकघरांच्या गावीही नसतं, ते याला वाचल्यावर तरी कळलं. त्या रात्री आम्ही उकडलेल्या भाज्या आणि पांढरा भात खाल्ला. पोरांनी नाकं मुरडली. गेल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त वेळा मागवलं ते त्याच ठिकाणाहून. याच्या उलट "आमच्याकडे सगळं ॲलर्जी-फ्री मिळतं, मॅडम" असं छातीठोक सांगणाऱ्या एकाला मी विचारलं, दुधाऐवजी काय वापरता? तर म्हणाला, लॅक्टोज नसलेलं दूध. त्यातली लॅक्टोज नावाची साखर फोडलेली असते, प्रथिन जसंच्या तसं असतं. पोटाला दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून मी पाण्याची बाटलीसुद्धा मागवत नाही. "नॉन-डेअरी" क्रीमरचंही तेच: पाकिटाची मागची बाजू वाचली तर पुष्कळदा केसिनेट सापडतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन.

अशा लपलेल्या गोष्टींची माझी यादी वाढतच चाललीय. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे. पेस्टो नावाच्या हिरव्या इटालियन चटणीत पाइन नट महाग पडतात म्हणून काजू. सॉसेजमध्ये दुधाची पावडर. कुस्करलेल्या बटाट्यात लोणी. फ्राइजमध्ये बटाटा आणि मीठच असेल असं वाटतं, पण काहींवर गव्हाचं किंवा दुधाचा अंश असलेलं आवरण असतं, आणि कधी त्याच तेलात आधी कोळंबी तळून झालेली असते. डेझर्ट आम्ही बाहेरून मागवतच नाही, त्यावर घरात चर्चा बंद आहे.

आता खरी गोम. असे फोन रात्री साडेआठला होत नाहीत. त्या वेळी बाटली वाचायला कुणी जाणार नाही आणि जायला सांगणंही बरं नाही, मागे पंचवीस ऑर्डरी खोळंबलेल्या असतात. मी दुपारी चारच्या सुमारास करते, जेवणाची गर्दी ओसरलेली आणि रात्रीची तयारी सुरू व्हायची असते तेव्हा. महिन्यातून एखादी दुपार, एखादी जागा. जे जमतं ते वहीत उतरतं: जागा, पदार्थ, कोण चालेल कोण नाही, कुणाशी बोलले, कधी. सध्या वहीत सहा जागा आणि अकरा पदार्थ आहेत. साडेआठच्या त्या एकविसाव्या जेवणाला वही उघडायची आणि त्या अकरातलंच काहीतरी सांगायचं. मेन्यू उघडायचाच नाही. भुकेल्या माणसानं मेन्यू बघितला की तो नवीन प्रयोग करतो. फक्त एक प्रश्न दर वेळी नव्यानं: "मागच्या वेळेपासून काही बदललंय का? सॉस तोच, तेल तेच?" एकदा सॉसची कंपनी बदलली होती, आणि नव्या बाटलीवर तीळ-शेंगदाणा दोन्ही. पदार्थाचं नाव, चव, किंमत, काहीच बदललेलं नव्हतं.

ॲपवरच्या सूचनांच्या चौकटीवर माझा भरवसा नाही. तिथं आधी मी अर्धा परिच्छेद लिहायचे, "कृपया विशेष काळजी घ्यावी" वगैरे. आतल्या छोट्या कागदावर त्यातलं किती छापून येतं ते देव जाणे. आता आधी फोन, मग ऑर्डर, आणि चौकटीत सात-आठ शब्द: "दूध, अंडं ॲलर्जी. वेगळं पातेलं. फोनवर बोललोय." ॲपवरची "नट-फ्री" चाळणी कुणी भरलेली असते आणि किती वर्षांपूर्वी, ते कळायला मार्ग नसतो. एक युक्ती मात्र हाताशी ठेवण्यासारखी. नवीन नाव दिसलं की त्याचा पत्ता बघायचा. एकाच पत्त्यावर चार-चार नावं निघतात. वर सॅलडची जागा असते, आणि खाली त्याच ओट्यावर शेंगदाण्याच्या सॉसचे नूडल्स दुसऱ्या नावानं विकले जात असतात. तो पत्ता सापडला की मला ऑफिसातला आनंद होतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण मला त्याचा उपयोग तपासणीच्या यादीसारखा होतो. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते, आणि ती हॉटेलांतल्या खुल्या अन्नालाही लागू आहे. फोनवरून वा ऑनलाइन मागवलं तर ती खरेदी पक्की होण्याआधी मिळायला हवी आणि पार्सल हातात पडतानाही. अमेरिकेतल्या पाकीटबंद अन्नाच्या यादीत ९ आहेत, नववा तीळ, १ जानेवारी २०२३ पासून. मी १४ ची यादी धरते, कारण तिच्यात मोहरी आणि सेलरीही येतात, जी मला कधी सुचली नसती. तिळाच्या त्या कायद्यानंतर तिकडच्या काही बेकऱ्यांनी काय केलं माहितेय? पाव तिळापासून जपणं कटकटीचं, म्हणून पावात थोडं तिळाचं पीठ मुद्दाम घातलं आणि पाकिटावर "तीळ" लिहून मोकळे झाले. कागद एकदम स्वच्छ. अशी माणसं मी कामावर रोज बघते.

पार्सल दारात आलं की पिशवी आणणाऱ्याचे आभार मानायचे आणि दार लावायच्या आधी डबे मोजायचे. सोबत फुकट आलेल्या सॉसच्या पुड्या तिथल्या तिथं बाजूला, त्या आपण मागितलेल्या नसतात आणि त्यांची चौकशीही झालेली नसते. मग ओट्यावर आमची रबरबँडची पद्धत: मोठीच्या डब्याला लाल, धाकट्याच्या निळा, नवऱ्याचा हिरवा, माझ्या डब्याला काही नाही. दर डब्याला आपला चमचा. धाकट्याचं आधी वाढायचं, माझं सर्वांत शेवटी, कारण त्याला न चालणारं चीज बहुतेक वेळा माझ्याच डब्यात असतं. हात साबणानं धुवायचे. सॅनिटायझरनं जंतू मरत असतील, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरून हटत नाही. साबण-पाणी नसेल तर ओले वाइप्स चालतात. दोन्ही पेनं टेबलावर आल्याशिवाय पहिला घास नाही. जेवण होऊन दोन-तीन तास उलटेपर्यंत मी बिल आणि झाकणं कचऱ्यात टाकत नाही. नवरा याला हसतो. कोळंबीच्या दिवशी हसत नाही.

सासूबाई आल्या की एकदा तरी म्हणतात, "अगं, एवढ्याशानं काय होतंय?" आधी मी वाद घालायचे. आता त्यांना ती दुपारच्या फोनची वही वाचायला देते. गेल्या खेपेला त्यांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून वाचली, आणि मग मला विचारलं की उकडलेल्या भाज्यांत हा माणूस लसूण तरी घालतो का.

मोठी आता बारा वर्षांची आहे. मागच्या शनिवारी दुपारी म्हणाली, मी करते फोन, पिझ्झाची एक नवीन जागा आहे. मी शेजारी बसले, तोंड मिटून, हे मला किती जड गेलं ते लिहीत नाही. तिनं सांगितलं की मला शेंगदाणा, काजू आणि पिस्त्याची ॲलर्जी आहे, आणि मग विचारलं, "तुम्ही पिझ्झा कसा करता, सांगाल का?" पलीकडच्या मुलीनं पीठ, सॉस, चीज सगळं सांगितलं. मोठीनं विचारलं, पेस्टोचा चमचा आणि साध्या सॉसचा चमचा एकच आहे का? मग बराच वेळ शांतता. नंतर ती मुलगी परत आली आणि काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. मोठी म्हणाली, "बरं, थॅंक यू," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चमचे दोन आहेत पण एकाच डब्यात उभे असतात. नका मागवू म्हणाली."

तिनं वही ओढली, जागेचं नाव लिहिलं, पुढे वेळ टाकली, चार वाजून वीस मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: आत जाऊन बघून आली. मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली: वेगळा चमचा ठेवता येईल का, पुढच्या शनिवारी विचारणे.